धुईतले वाटे

छत्रपती संभाजीनगर, मुलींचं वसतिगृह
रविवार, ११ ऑगस्ट २०२४

आत्या,

पाया पडते. डोक्यावर हात ठेवलास असं समजून पुढं लिहिते.

तापात तुझे कान गेले तेव्हापासून फोनचा काही उपयोग राहिला नाही. मी इकडून बेंबीच्या देठापासून ओरडते, शेजारच्या खोल्यांतल्या मुली दारात येऊन उभ्या राहतात, आणि तू तिकडून एवढंच म्हणतेस, "हां, जेवलीस का?" त्यापेक्षा पत्र बरं. तू पत्र माळावर नेऊन त्या सपाट दगडावर बसून वाचतेस, हे आबांनी सांगितलं. म्हणून लिहितानाही मी माळावरच असल्यासारखं वाटतं.

माझा अभ्यास काय आहे, असं तू मागं विचारलं होतंस. समाजाचं तत्त्वज्ञान. म्हणजे माणसांनी एकत्र राहायचं तर कुणाला काय मिळावं, ते कुणी ठरवावं, आणि ठरवलेलं बरोबर की चूक हे कशावरून ओळखावं. आबांना हे सांगितलं तर म्हणाले, "आन् ह्याची नोकरी कुठं मिळती?" तू तसं म्हणणार नाहीस, म्हणून तुला सांगते.

परवा मॅडमनी वर्गात सगळ्यांना डोळे मिटायला लावले. म्हणाल्या, समजा तुमचा जन्मच अजून झालेला नाही. जगात जाऊन तुम्ही कोण होणार, हे तुम्हाला ठाऊक नाही. बाई की बाप्या, गरिबाघरी की श्रीमंताघरी, धडधाकट की आजारी, काही म्हणजे काही ठाऊक नाही. आणि जगात उतरायच्या आधी सगळ्यांनी बसून नियम करायचे आहेत, की तिथं कशाची वाटणी कशी व्हावी. तेव्हा तुम्ही कसले नियम कराल?

आत्या, खरं सांगू, मला त्या वर्गात आपला माळच दिसला. पहाटेची दाट धुई पडलीय, हाताला हात दिसत नाही. जन्माला न आलेली सगळी माणसं घोंगड्या पांघरून बसलीत. खाली कुठंतरी वस्ती आहे, कुत्री भुंकतायत, पण कुठल्या पालात आपण उतरणार हे कुणालाच माहीत नाही. मग जो तो म्हणतो, सगळ्यात मागं राहणाऱ्याचं आधी बघू या, कारण तो मीच निघालो तर? मॅडम म्हणाल्या, अशा धुईत बसून केलेला नियम म्हणजे न्याय. धुई हा शब्द माझा. त्यांनी पडदा म्हटलं होतं.

आबांच्या फोनवरून कळलं की कळपाची वाटणी निघालीय. नाना आता दसऱ्यानंतर मेंढरं घेऊन गोदेकाठाला जाणार नाहीत, गावाजवळच राहणार. खरं का? आणि तू कशी आहेस? आपली कवडी मेंढी अजून तुझ्या पदराला तोंड पुसते का? तिला बाटलीनं दूध पाजलं ते मीच, असं तिला सांग. नाहीतर ती तुझीच म्हणून मिरवेल.

तुझी,
बबिता

*

नांदूरघाटच्या वरची वस्ती
२४ ऑगस्ट

चि. बबितास आत्याचे खूप खूप आशीर्वाद, आणि एक कानपिचकी. पत्र लांब लिहिलंस ते चांगलं केलंस, पण जेवतेस काय ते लिहिलं नाहीस.

पत्र दगडावर बसून वाचलं. कवडी बाजूला होती. ती माझीच आहे, बाटली कुणी का धरली असेना. तू गेल्यावर तिनं एक नवं काम अंगावर घेतलंय. कुणी मला हाक मारली की ती मान वर करते आणि हाकेच्या बाजूला बघते. तिनं मान वर केली की मी वळते. म्हणजे माझे कान आता चार पायांवर चरत असतात. परवा तुझी काकू मनिषा लांबून ओरडत होती. कवडीनं बघितलं, मी वळले. मनिषा कपाळावर हात मारून म्हणाली, "आक्काला सारं ऐकू येतंय, नाटक करत्यात." हे मी तिच्या ओठांवरून वाचलं.

तुझी ती धुई वाचून झाली, आणि मी त्या रात्री तिथंच जाऊन बसले बघ. स्वप्नात. सगळी माणसं बसलीत, सगळ्यांचे चेहरे पुसल्यासारखे. तुझी आजी होती, पण ती आजी नव्हती, अजून कुणीच नव्हती. मला कुणीतरी विचारलं, तुला काय व्हायचंय? मी म्हटलं, मला ऐकू येत होतं तसं काहीतरी. आणि स्वप्नात खरंच ऐकू येत होतं गं. घंटांचा आवाज येत होता खालून. जाग आली तरी मी तशीच पडून राहिले, आवाज जाऊ नये म्हणून.

एक विचारायचंय. त्या धुईत बायाही बसतात का? आणि बसत असतील तर घोंगडीवर, की बाजूला चुलीपाशी?

आता इकडची गोष्ट. वाटणी खरी आहे. आपल्यात रीत अशी, की थोरल्यानं वाटे पाडायचे, धाकट्यानं आधी उचलायचं, आणि पाडणाऱ्यानं शेवटी उरेल तो घ्यायचा. शेवटी आपल्यालाच उरणार म्हटल्यावर पाडणारा कुठलाच वाटा वाईट पाडत नाही. तर तुझ्या आबानं, म्हाळूनं, वाटे पाडायचे ठरले. पण तुझा नाना, आसाराम, अडून बसला. म्हणाला, "दादा, तुला मेंढी बघूनच कळतं गाभण हाय का न्हाई. मला कळत न्हाई. तू असे पाडशील की मी उचलून बी फसन." म्हाळू चिडला. दोघं हमरीतुमरीवर आले. शेवटी उत्तरेश्वरमामा मधे पडले. तुला आठवत असतील, देवळाच्या पायरीवर बसणारे, आपल्या लोकांचे भांडणतंटे मिटवणारे. ते म्हणाले, "ताराला पाडू द्या वाटे. तिला कुठं काय घ्यायचंय? तिचा हात इकडं बी झुकनार न्हाई, तिकडं बी न्हाई."

दोघांनाही पटलं. खंडोबाचा भंडारा मधे ठेवला, दोघांनी उचलून कपाळाला लावला आणि म्हणाले, "आक्का पाडील ते वाटे आमाला मान्य." मामांनी हे मला हातवारे करून सांगितलं, पण मी आधीच वाचलं होतं.

तर दसऱ्याच्या सकाळी वाटे. मला मोठा मान मिळालाय म्हणतात सगळे.

आत्या

*

छत्रपती संभाजीनगर
३ सप्टेंबर

आत्या,

तुझं पत्र मी वर्गात वाचून दाखवलं. आधी विचारायला हवं होतं, पण राहवलं नाही. थोरल्यानं पाडायचं, धाकट्यानं उचलायचं, हे ऐकून मॅडम खुर्चीवरून उठल्याच. म्हणाल्या, ज्यानं नियम करायचा त्याला आपल्या वाट्याला काय येणार ते माहीत नाही, हे तर आपण तीन आठवडे शिकतोय! मुलींनी टाळ्या वाजवल्या. मला असं वाटलं की मी काही शिकायला आलेच नाही, घरचंच इथं परत मिळतंय.

मग मॅडमनी विचारलं, "आणि आत्याचा वाटा कोणता?"

मी म्हटलं, आत्याला वाटा नाही. म्हणून तर त्यांनी तिला बसवलं.

मॅडम फळा पुसत राहिल्या. इतके दिवस हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही? आजोबा गेल्यापासून कळप कुणी सांभाळला? आबा आणि नाना गोदेकाठाला गेले की मागं राहिलेल्या म्हाताऱ्या मेंढ्या, लंगड्या मेंढ्या, नुकती व्यालेली, सगळं कुणाच्या जिवावर? तू विधवा होऊन माहेरी आलीस ती रिकामी बसलीस का एक दिवस तरी? आणि आता तुझा हात सरळ कशामुळं, तर तुझ्या हातात काही पडणारच नाही म्हणून! आत्या, हा मान नाही. तुला बाहेर उभं केलंय आणि वर म्हणतात, बघा, ही कशी मधोमध उभी आहे.

तू नाही म्हण. साफ नाही म्हण. त्यांचं त्यांना बघू दे. नाहीतर मी येते दसऱ्याला आणि सगळ्यांसमोर बोलते. माझा पेपर आहे, पण राहू दे पेपर.

आणि तू विचारलंस, त्या धुईत बाया असतात का. असतात. घोंगडीवरच असतात. पण मॅडम म्हणाल्या, हा प्रश्न अजून पुष्कळांना विचारावासाच वाटत नाही.

बबिता

*

वस्ती
१२ सप्टेंबर

बबिता,

रागानं लिहिलेलं पत्र लगेच ओळखू येतं. अक्षर उजवीकडं धावतं. पेपर सोडायचा नाही. आलीस तर मी पालात जाऊन झोपेन आणि बाहेर येणार नाही, कितीही ओरडलीस तरी मला ऐकू येणार नाही.

मी वाटे पाडणार आहे. नाही म्हणाले तर दोघं भाऊ भांडून एकमेकांचं तोंड बघणार नाहीत, आणि मग उरलेल्या जन्मात मी कुणाच्या दारात बसून कुणाची समजूत काढू? मेंढरांचे हाल होतील ते वेगळेच.

पण तू लिहिलंस ते खोटं नाही. आता तुला एक सांगते, कुणाला बोलायचं नाही. बहिऱ्या माणसासमोर लोक मोकळेपणानं बोलतात. चुलीपाशी बसले होते. मनिषा भाकरी थापत तुझ्या आईला म्हणाली, "वाटण्या झाल्यावर आक्काला कोन ठिवून घेनार?" म्हाळूनं आसारामकडं बघितलं. आसारामनं म्हाळूकडं बघितलं. मग दोघांनी खाली बघितलं. वाईट नाहीत गं ते. दोघांनाही माझी माया आहे. पण ठेवून घेणं हा शब्द भांड्याकुंड्याला वापरतात, तो माझ्यासाठी ऐकून, म्हणजे बघून, मला घास गिळवेना. मी उठून माळावर गेले. कवडी मागं आली.

त्या दिवसापासून मला तुझी धुई फार जवळची वाटायला लागलीय. सकाळी खरीच धुई पडते आता. मी तिच्यात बसून एकेकाच्या जागी जाऊन बघते. आसाराम होऊन बघते, की त्याला वाटतं दादा मला फसवणार. म्हाळू होऊन बघते, की धाकट्यानं माझ्यावर विश्वास ठेवला नाही. मनिषा होऊन बघते, घरात अजून एक तोंड. एकदा मेंढीही होऊन बघितली. ती बरी होती, तिला फक्त गवत आणि ऊन कळतं.

मग तुझी पाळी आली. म्हणून विचारते. तुझ्या वसतिगृहाच्या खर्चासाठी म्हाळू दर वर्षी कोकरं विकतो, हे तुला माहीत आहे. समज, मला वाटा मिळाला. म्हणजे म्हाळूचा वाटा तेवढा लहान होणार. तुझं शिक्षण त्यातूनच होतंय. वर्गात बसून नाही, माळावर बसून सांग. धुईतून खाली उतरल्यावर तू बबिता निघालीस, तरी तू हेच म्हणशील का?

घाई नाही. पण खरं लिही. माझ्यासाठी गोड लिहू नकोस.

आत्या

*

छत्रपती संभाजीनगर
४ ऑक्टोबर

आत्या,

पत्राला उशीर झाला. कामं नव्हती. रोज कागद घ्यायचे आणि ठेवून द्यायचे.

मी आमच्या मागच्या टेकडीवर जाऊन बसले, जिथून लेण्यांचा डोंगर दिसतो. संध्याकाळ होती, खाली शहरात दिवे लागत होते. डोळे मिटून मी धुई आणली. धुईत असेपर्यंत सगळं सोपं होतं. आत्याचा वाटा तिला मिळालाच पाहिजे, यात विचारण्यासारखं काय आहे? मग मी बबिता होऊन खाली उतरले, आणि पहिली गोष्ट मनात आली ती अशी, की पुढच्या वर्षी मला परत यावं लागलं तर? आबा लगेच स्थळं बघायला लागतील. तो विचार इतक्या पटकन आला की मला माझीच लाज वाटली. वर्गात मी केवढी बोलले होते.

तू गोड लिहू नको म्हणालीस, म्हणून हे असं लिहिलंय.

मला वाटतं, मधला मार्ग आहे. तू वाटे दोनच पाड, आणि मग आबांकडं आणि नानांकडं मागून घे. थोड्याशाच. दोन म्हाताऱ्या मेंढ्या, एखादं कोकरू, आणि कवडी. दोघं नाही म्हणणार नाहीत. तू मागितलंस तर कोण नाही म्हणेल? आणि मी संध्याकाळी ग्रंथालयात पुस्तकं लावायचं काम मागितलंय, ते मिळालं तर आबांवर तेवढा भार पडणार नाही.

लिहून झालं आणि परत वाचलं, तर हे न्यायासारखं वाटत नाहीये. भ्याल्यासारखं वाटतंय. तरी पाठवते.

बबिता

*

वस्ती
१३ ऑक्टोबर, दसऱ्याचा दुसरा दिवस

चि. बबिता,

तुझं पत्र गावात येऊन पडलं होतं, ते आज हातात आलं, वाटे पडल्यावर. बरं झालं. आधी आलं असतं तर लोक म्हणाले असते, शिकलेल्या पोरीनं आत्याला भरवलं.

आता सगळं पहिल्यापासून सांगते. चहा घेऊन बस.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी उत्तरेश्वरमामांकडून त्यांची जुनी वाघर मागून आणली. वाघर म्हणजे आपली ती मेंढरं कोंडायची दोरीची जाळी, तुला काय सांगायचं. आपल्याकडं दोन होत्याच. म्हाळूनं विचारलं, "आक्का, तिसरी कशाला?" मी ऐकूच आलं नाही असं केलं. मग त्याचा त्यानंच अर्थ लावला, एडक्यांना येगळं बांधायला आसंल. कान गेल्याचे काही फायदे आहेत बघ, नसत्या प्रश्नांना उत्तरं द्यावी लागत नाहीत.

पहाटे उठले तर एवढी धुई, की मला पालाचा खांब दिसेना. मी हसले. म्हटलं, आलीस का तू, बरोबर आजच. माळावर तीन वाघरी लावल्या आणि एकेक मेंढी हातानं चाचपून आत सोडली. गाभण तिन्हीकडं सारख्या. दुभत्या तिन्हीकडं. कोकरं आपापल्या आईबरोबर. खोडकर होत्या त्याही वाटून टाकल्या, एकाच्याच डोक्याला ताप नको. दर वाघरीपाशी उभी राहून मी मनाला विचारायचे, हा वाटा तुला उरला तर चालेल? चालेल म्हटलं मन, की पुढं. एखाद्या ठिकाणी नाही म्हटलं, तिथं बदल केला.

शेवटी कवडी राहिली. ती माझ्या पायाला घासत उभी होती. तिसऱ्या वाघरीत टाकावी असं फार वाटलं गं. पण तिसरी कुठली? तिथं तिसरी नव्हतीच, नुसत्या तीन होत्या. मी डोळे मिटून गोल फिरले आणि समोर आली त्या वाघरीत तिला सोडलं. ती वळून बघत होती. मी बघितलं नाही.

मग सगळे आले. मामा, म्हाळू, आसाराम, तुझी आई, मनिषा. धुईत पुढच्या दोनच वाघरी दिसत होत्या. मामा म्हणाले, धुई उठू दे, मग उचला. सगळे चहा पीत उभे राहिले. ऊन आलं, धुई हळूहळू वर सरकली, आणि मागची वाघर दिसायला लागली. आधी दोरी, मग पाय, मग पाठी.

आसाराम म्हणाला, "हे काय आक्का? वाटेकरी दोन आन् वाटे तीन?"

मी म्हटलं, "वाटेकरी किती, ते तुमी मला कवा सांगितलं? आक्का पाडील ते मान्य, आसं म्हनून भंडारा लावला."

म्हाळूचं तोंड लाल झालं. "बाईला वाटा आसतो व्हय?"

"मी बाई म्हनून उभी न्हाई, म्हाळू. थोरली म्हनून उभी हाय. रीत काय हाय? थोरल्यानं पाडायचे, धाकट्यानं आधी उचलायचा, पाडनाऱ्यानं शेवटी उरंल तो घ्यायचा. तू थोरला न्हाईस. तू व्हायच्या आधी मी तुझ्या आईच्या कडेवर व्हते. मी पाडलेत. तुमी उचला. उरंल तो माझा."

मी हात पदरात घेतले. कुणी काय बोलतंय ते मला नीट वाचता येईना, कारण डोळे भरले होते. मला एवढंच दिसलं की म्हाळू काहीतरी म्हणाला आणि त्यात तुझं नाव होतं. तुझ्या आईनं मला दंडाला धरून सांगितलं, तो म्हणतोय, बबीचं शिक्षण कसं करू?

मी म्हटलं, "बबी एकट्या तुझी न्हाई. तिला लागलं तर माझ्या वाघरीतनं बी कोकरू जाईल. पर ते मी दीन. माझं म्हनून दीन."

म्हाळू उठून माळाच्या कडेपर्यंत गेला. पाठमोरा उभा राहिला. मला वाटलं, आता संपलं. भंडारा मोडायचा असेल तर मोडेल, मी काय करणार होते? पण मामांनी त्याला हाक मारली नाही, कुणीच मारली नाही. तो आपला आपण परत आला आणि आसारामला म्हणाला, "उचल बे. धाकटा तू हाईस."

आसाराम तिन्ही वाघरींपाशी फिरला. लई वेळ फिरला. मग डोकं खाजवत म्हणाला, "च्यायला, तिन्ही सारख्याच हायेत की." मामा एवढे हसले की त्यांना ठसका लागला. मग आसारामनं एक उचलली. म्हाळूनं दुसरी. एक उरली.

कवडी आसारामच्या वाघरीत होती.

तू लिहिलंस, मागून घे. मागितलं असतं तर दिल्या असत्या गं. दोन म्हाताऱ्या, एक कोकरू, तू म्हणालीस तसं. पण मग मी रोज त्यांच्याकडं बघून खाली बघितलं असतं, जसं ते दोघं चुलीपाशी बघत होते. तू भ्यालीस त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. मी पण भ्याले. फरक एवढाच, की तू टेकडीवर बसली होतीस, आणि मला चुलीपाशी बसावं लागत होतं.

आणि ऐक, काल रात्री म्हाळू म्हणाला, आक्का माझ्याबरोबर गोदेकाठाला चल. लगेच आसाराम म्हणाला, छे, आक्का माझ्याजवळ राहणार. आता दोघं भांडतायत माझ्यावरून. मेंढरांसकट आलेली आक्का कुणालाच जड नाही. मी दोघांनाही म्हटलं, मला ऐकू येत नाही.

मी इथंच राहते. पाल माझा वेगळा, चूल वेगळी, आसारामच्या शेजारी.

पण एक तुला सांगायलाच हवं. कवडी संध्याकाळी वाघरीतून निसटून माझ्याकडं आली. मी तिला परत नेऊन सोडलं. वाटणी ती वाटणी. आसारामच्या वाट्याची मेंढी मी ठेवून घेतली तर कालच्या सगळ्या बोलण्याला काय अर्थ राहिला? तिला दोरीच्या आत ढकलताना माझं काळीज तुटलं. आता कुणी हाक मारली तर मला कळत नाही. आज मनिषा माझ्या अगदी मागं येऊन उभी राहिली तेव्हा मी दचकले.

तुझ्या मॅडमना विचार, वाटा बरोबर पडला तरी रडू येतं, याच्यावर त्यांच्या पुस्तकात काही लिहिलंय का.

*

२२ ऑक्टोबर

वरचं पत्र टाकायचं राहिलं. पाऊस नाही, वारा नाही, पोस्टात जायला कंटाळा केला, एवढंच. म्हणून खाली लिहिते.

कवडी रोज यायची, मी रोज परत न्यायचे. आसाराम बघायचा. एकदा म्हणाला, "आक्का, ऱ्हाऊ दे की." मी मान हलवून नाही म्हटलं. काल तो तिला दोरीला धरून माझ्या पालापाशी घेऊन आला. दोरी माझ्या हातात दिली. मी परत करायला लागले, तर त्यानं माझ्या तोंडासमोर येऊन, ओठ मोठे करून, सावकाश सांगितलं, म्हणजे मला वाचता यावं, "भाऊबीज."

भाऊबीज अजून लांब आहे. मी तसं म्हटलं.

तो म्हणाला, "आदुगर दिली. तू काय कोर्टात जाशील?"

मी दोरी घेतली. बबिता, मला घेता आली. हेच दोन महिन्यांपूर्वी त्यानं दिलं असतं तर मी घेतलं असतं, पण मान खाली घालून. काल मी त्याच्याकडं बघून घेतली. आणि माझ्या वाघरीतलं ते कपाळावर पांढरा ठिपका असलेलं कोकरू मी मनिषाला दिलं. तिला ते पहिल्यापासून आवडत होतं. आपला वाटा आपल्याकडं असला की देता येतं आणि घेताही येतं, एवढं मला कळलं. तुझ्या अभ्यासात बसत असेल तर बसव.

तुझं ग्रंथालयाचं काम मिळालं का? नाही मिळालं तरी शिकायचं सोडू नकोस. तिन्ही वाघरी तुझ्याच आहेत.

आज सकाळी पुन्हा धुई होती. मी दगडावर बसले होते. कवडीनं एकदम मान वर केली आणि पायवाटेकडं बघत राहिली. मी वळले. कुणी नव्हतं. नुसती पांढरी धुई, आणि तिच्यात कुणीतरी यायला निघाल्यासारखं वाटत होतं. मी बराच वेळ तिकडंच बघत बसले.

दिवाळीला येशील तेव्हा वाटेवरूनच हाक मार. मला ऐकू येईल.

तुझी आत्या,
तारा